बाइटाचे चिन्ह : एकाच प्रोसेसरवर अडणाऱ्या बांधणीची मीमांसा

यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोया' असा ऐकू येतो. पुणेकर आणि वऱ्हाडी या दोघांपुढे छापील अक्षर एकच असते. ते वाचण्याची रूढी मात्र निराळी असते. यांपैकी कोणाचेही वाचन चुकीचे म्हणता येत नाही. परंतु 'ळ' म्हणजे अमुक एकच ध्वनी, असे गृहीत धरून रचलेला नियम पुण्यात निर्वेध चालेल आणि यवतमाळात अडेल. संगणकाच्या 'सी' या भाषेत याच जातीचा एक प्रकार आढळतो. एखादी सॉफ्टवेअर-लायब्ररी एका प्रोसेसरवर बिनतक्रार बांधली जाते आणि दुसऱ्यावर मोडते, तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा हा प्रकार असतो.

'सी'मध्ये अक्षरमूल्य ठेवण्यासाठी 'चार' नावाचा प्रकार आहे. सामान्यतः तो आठ बिटांचा, म्हणजे एका बाइटाचा असतो व त्यात २५६ मूल्ये मावतात. ही मूल्ये ० ते २५५ अशी अचिन्ह मानावयाची की −१२८ ते १२७ अशी सचिन्ह मानावयाची, याचा निर्णय १९८९ च्या प्रमाणकाने बुद्ध्याच केला नाही. तो कंपायलर रचणाऱ्यावर सोपविला. यास इतिहास कारण झाला. ज्या पीडीपी-११ यंत्रावर ही भाषा वाढली, ते यंत्र बाइट रजिस्टरमध्ये आणताना त्याचे चिन्ह पुढे पसरवीत असे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर रोमन अक्षरांचीच मूल्ये १२८ च्या वर होती, आणि भाषेच्या मूळ अक्षरसंचातील मूल्य ऋण असू नये असा दंडक असल्यामुळे तेथे अचिन्ह मानणे भागच होते. आर्मच्या आरंभीच्या प्रोसेसरांत बाइट आणताना उरलेली जागा शून्यांनी भरणारी आज्ञा होती. चिन्ह राखणारी आज्ञा नंतर आली. म्हणून आज लिनक्सवर इंटेल-घराण्यात 'चार' सचिन्ह, तर आर्म, पॉवर आणि रिस्क-फाइव्ह यांवर अचिन्ह आहे. अॅपलने मात्र आर्मवरही सचिन्ह रूढी ठेवली आहे. यावरून दिसते की दोष प्रोसेसरच्या माथी मारणे हे सैल बोलणे होय. प्रश्न रूढीचा आहे.

इंग्रजी मजकुराला या भेदाची झळ सहसा लागत नाही, कारण त्याची मूल्ये १२८ च्या आत राहतात. देवनागरीची गोष्ट उलट आहे. यूटीएफ-८ या संकेतात 'यवतमाळ' हा शब्द सहा चिन्हांचा व अठरा बाइटांचा होतो, आणि त्यांतील एकही बाइट १२८ च्या खाली नाही. पहिला 'य' एका यंत्रावर २२४, १६४, १७५ असा वाचला जातो. दुसऱ्यावर −३२, −९२, −८१ असा.

समजा, शब्दसूची हाताळणाऱ्या एका लायब्ररीत २५६ घरांचा एक तक्ता आहे, आणि 'हे अक्षर नव्हे' हे दाखविण्यासाठी त्यात −१ लिहिले आहे. 'सी-प्लस-प्लस'च्या २०११ च्या नियमांनुसार महिरपी कंसातील स्थिरांक त्या प्रकारात मावत नसेल तर ती चूक ठरते. म्हणून आर्मवर बांधणी तेथेच थांबते. हे वस्तुतः सुदैव समजावे. जुन्या 'सी'त तोच तक्ता बांधला जातो, −१ चे गुपचूप २५५ होते, आणि 'मूल्य शून्याहून कमी आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर कधीच होकारार्थी येत नाही. फाइलीच्या अखेरची −१ ही खूण कोणी 'चार'मध्ये साठविली असेल, तर वाचनाचे चक्र आर्मवर संपतच नाही.

क्रमवारीचा प्रसंग भाषाभ्यासकास अधिक जवळचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या कोलामीचे शब्द एमेनो यांच्या १९५५ च्या ग्रंथात रोमन लिपीत आहेत. त्यांच्या शेजारी मराठी प्रतिशब्द देवनागरीत घातले की संमिश्र सूची तयार होते. हाताने लिहिलेली तुलना 'चार'वर चालत असेल, तर इंटेलवर देवनागरी शब्द रोमनच्या आधी लागतात, कारण ते ऋण ठरतात. आर्मवर ते नंतर लागतात. 'सी'च्या स्वतःच्या तुलना-फलनास हा वाद ठाऊक नाही; ते बाइट नेहमी अचिन्हच मानते. चाचणीतील 'अपेक्षित' क्रम इंटेलच्या फलितावरून उतरवून घेतलेला असतो, म्हणून आर्मवर चाचणी फसते, आणि प्रमाणकाशी जुळणारे उत्तर देणारे यंत्रच आरोपी ठरते!

निदानासाठी आर्म यंत्र जवळ असलेच पाहिजे असे नाही. इंटेलवरच कंपायलरला 'चार' अचिन्ह धरण्याची सूचना देऊन बांधणी पुन्हा करावी. तीच चूक उमटली तर मूळ हाती लागले. न उमटल्यास बाइटांचा क्रम, पत्त्यांची जुळणी इत्यादी अन्य कारणांकडे वळावे. डेबियनसारख्या प्रकल्पात प्रत्येक संच प्रत्येक रचनेवर स्वतंत्रपणे बांधला जातो व त्याची नोंद राहते. आर्म, पॉवर व रिस्क-फाइव्ह एकाच ठिकाणी अडले आणि इंटेल सुटले, हा आकृतिबंध त्या नोंदीत दिसला की संशय चिन्हावरच घ्यावा.

हीच सूचना बांधणीत कायमची लिहून टाकण्याचा मोह होतो. लिनक्सच्या गाभ्याने २०२३ मधील ६.२ आवृत्तीपासून सर्वत्र अचिन्ह 'चार' स्वीकारला. पण गाभा हे एकहाती चालणारे घर आहे. लायब्ररी परक्या प्रोग्रॅमांच्या हाती जाते. तिच्या शीर्ष-फाइलींतील मजकूर त्या प्रोग्रॅमांबरोबर, त्यांच्या रूढीने बांधला जातो. तेथे ही सूचना पोहोचत नाही. म्हणून संख्या अभिप्रेत असेल तेथे सचिन्ह, बाइट अभिप्रेत असेल तेथे अचिन्ह, असे प्रकाराच्या नावातच लिहावे. अखेरची खूण पूर्ण पूर्णांकात ठेवावी. तक्त्यात शिरण्यापूर्वी बाइट अचिन्ह करून घ्यावा, कारण इंटेलवर −३२ वे घर म्हणजे तक्त्याच्या बाहेरची स्मृती. तेथे काय वाचले जाईल याचा भरवसा नाही, आणि बांधणी मात्र यशस्वी म्हणून नोंदली गेलेली असते.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीत केवळ इंग्रजी शब्द असून भागत नाही. 'यवतमाळ' घालावा, आणि २०१७ मध्ये युनिकोडात आलेल्या मसराम गोंडी लिपीतील एखादा शब्दही घालावा, कारण तिच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात आणि पहिला २४० असतो, अथवा −१६.