स्वयंपाकघरातील विजेची जागा : प्लास्टरच्या आधी करावयाचा विचार



बेणे, लागण, खताची मात्रा याविषयी मी या पानावर नेहमी लिहीत असतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. उसाचे बिल जमा झाले की आपल्या कार्यक्षेत्रात घरांची कामे निघतात. फडावर गेलो की पाचटाबरोबर विटा-सिमेंटच्याही गोष्टी होतात. नवीन घरात फ्रीज येतो, घरघंटी येते, इंडक्शनची शेगडी येते. आणि स्वयंपाकघरात मोठे सॉकेट मात्र एकच, तेही वायरमनला सोयीचे वाटले त्या कोपऱ्यात.

माझ्याच घरी असे झाले. ओव्हन आणि घरघंटी एका एक्स्टेन्शन बोर्डावर चालू होती. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत जळका वास आला, आणि पाहतो तो पिन वितळून बोर्डाला चिकटलेली. सौभाग्यवतींनी मेन स्विच पाडला म्हणून निभावले. पण याहून वाईट गोष्ट पुढे झाली. ओल्या पायांनी फ्रीजचे दार उघडताना आईला झटका बसला, ती पडली व मनगट मोडले. सॉकेट उघडून पाहिले, तर तिसऱ्या मोठ्या छिद्राला मागून वायरच जोडलेली नव्हती! भोक होते, अर्थिंग नव्हते. पाच वर्षे आम्ही ती तीन पिनांची शोभा वापरीत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी अंबरनाथला धाकट्या मेहुण्यांकडे जाणे झाले. तिथले शके ९८२ चे शिवमंदिर पाहण्याचा बेत होता, तो पार पडला. पण जास्त उपयोगाची गोष्ट त्यांच्या घरात पाहिली. मेहुणे अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांचे स्वयंपाकघर आमच्यापेक्षा लहान, पण प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पॉइंट, आणि बोर्डावर कोणता स्विच कशाचा ते लिहिलेले. मी म्हटलं, एवढा खर्च कशाला? तर म्हणाले, “दाजी, आमच्याकडे मशीन येण्याआधी त्याची लाइन येते. घरात लोक मशीन आधी आणतात आणि लाइन शोधत फिरतात.”

मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. तो आपल्याला समजायला अवघड नाही, कारण मोटारीचा हिशोब आपल्याला पाठ असतो. पाच हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. आता घरात पाहा : इंडक्शन २००० वॅट, गीझर २००० वॅट, एक हॉर्सपॉवरची घरघंटी साधारण १००० वॅट. तिन्ही एकदम चालू म्हणजे ५ किलोवॅट. विहिरीवरच्या मोटारीपेक्षा जास्त! शिवाय ती मोटार थ्री फेजवर असल्याने एका फेजला सात-साडेसात अँपिअर पडतात. घरात सिंगल फेज २३० व्होल्टवर हाच आकडा २२ अँपिअरच्या आसपास जातो. मोटारीला आपण दुकानदाराशी वाद घालून जाड केबल घेतो, आणि घरात मिळेल ती बारीक वायर भिंतीत पुरतो.

लहान सॉकेट ६ अँपिअरचे, मोठे १६ अँपिअरचे असते. एकटे इंडक्शन पावणेनऊ अँपिअर ओढते, म्हणजे ते लहान सॉकेटवर चालवायचेच नाही. मोठ्या सॉकेटला तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची वायर व तिच्या जोडीला १६ अँपिअरचा एमसीबी हवा. गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटर घेतलेली बरी. एमसीबी वारंवार पडतो म्हणून ३२ चा बसवून देणारे कारागीर भेटतात. फ्यूजला दुहेरी-तिहेरी तार गुंडाळण्याचा जुनाच प्रकार हा. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की पडायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते.

जागेचे म्हणाल तर घरातल्या बाईमाणसांना ओट्याजवळ उभे करून खडूने खुणा करून घ्याव्यात. मिक्सर कुठल्या हाताला, फ्रीजचे दार कोणीकडे उघडणार, हे गवंड्याला कसे कळणार? ओट्यावरची सॉकेट ओट्याच्या वर ९ इंच ते १ फूट असावीत. सिंकपासून निदान दोन फूट लांब. गॅसच्या शेगडीच्या मागे किंवा बरोबर वर कधीही नको. तेल उडते, उष्णता लागते, आणि वायर ज्योतीवरून ओलांडून जाते. फ्रीजचे सॉकेट फ्रीजच्या पाठीमागे दडवू नये. बाजूला, हात पोचेल असे घ्यावे, म्हणजे झटका बसला वा वास आला तर फ्रीज ओढत बसावे लागत नाही. घरघंटीला पाण्यापासून दूर वेगळा पॉइंट द्यावा.

सिलिंडरजवळ जमिनीलगत सॉकेट ठेवणे फार धोक्याचे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, आणि स्विचची एक ठिणगी त्याला पुरते.

या खुणा प्लास्टरच्या आधी, आणि छतातून पाईप न्यायचे असतील तर स्लॅब पडण्याच्या आधी व्हायला हव्यात. मी मागाहून भिंतीला झिऱ्या पाडून घेतल्या. टाइल्स फुटल्या, तशा टाइल्स पुन्हा बाजारात मिळाल्या नाहीत. ओट्यामागे आजही दोन रंगांची पट्टी दिसते. दोन पॉइंट रिकामे जास्तीचे ठेवावेत, पुढच्या गळिताला काय घरात येईल सांगता येत नाही.

मेनपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. वीज अंगातून वा ओल्या भिंतीतून गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. पण म्हणून अर्थिंग सोडायचे नाही. कोळसा-मीठ घालून पुरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते; कोरड्या मातीत त्याचा गुण जातो. ठिबकची वेळ न चुकवणारे आपण, या खड्ड्याकडे मात्र फिरकत नाही.

शेवटचे काम मीटरचे. पुष्कळ घरांचा मंजूर भार जुन्या काळचा, एखाद-दुसऱ्या किलोवॅटचा असतो. वीज बिलावर तो छापलेला असतो, पाहून घ्यावा. घरातल्या उपकरणांचे वॅट त्यांच्या पाठीवरच्या पट्टीवरून उतरवून बेरीज करावी, आणि कमी पडत असेल तर महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज वायरिंगच्या कामाबरोबरच द्यावा. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे, आणि पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रात अर्थिंग आहे की नाही हे त्याला आपल्यासमोर तपासायला लावावे.