स्वयंपाकाचा कंटाळा आणि एका कुकरचा आधार

ज्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा कंटाळा आहे, त्यांना आळशी ठरवून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात हा कंटाळा रांधण्याचा क्वचितच असतो. तो असतो नंतर घासाव्या लागणाऱ्या भांड्यांचा, ओट्यापाशी ताटकळण्याचा आणि आपल्या हातून बिघडेल या धास्तीचा. नोकरीसाठी पणजी किंवा वेर्ण्याला भाड्याच्या खोलीत राहणारी कितीतरी मुले दोन्ही वेळा बाहेरच्या खाण्यावर भागवतात, त्यामागे बहुधा हीच तीन कारणे असतात.

या धास्तीची किंमत आम्ही घरी एकदा मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आई आठ दिवस रुग्णालयात होती. घरात आम्ही तीन कर्ते पुरुष. डॉक्टरांनी तिला पातळ पेज द्यायला सांगितले आणि ती करून दिली शेजारच्या काकूंनी. आमच्यापैकी एकालाही तांदळात पाणी किती घालायचे, हे ठाऊक नव्हते.

नवशिक्याने सुरुवात मूगडाळीच्या खिचडीने करावी, कारण तिला एकच भांडे लागते आणि लक्ष फार द्यावे लागत नाही. दोघांसाठी एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन घ्यावी. कुकरमध्येच चमचाभर तूप तापवून जिरे, हिंग, हळद आणि चिरलेला टोमॅटो परतावा. त्यात डाळ-तांदूळ, मीठ आणि साडेचार वाट्या पाणी घालावे. झाकण लावून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. इथून पुढचे दहा मिनिटांचे काम कुकर स्वतःच करतो. वाफ कोंडल्यामुळे आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून डाळ इतक्या लवकर शिजते.

कुकरची भीती वाटणाऱ्यांसाठी दोनच नियम आहेत. डाळ-तांदूळ फुगतात आणि फेसाळतात, म्हणून पाण्यासकट कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. फेस वर चढला तर शिट्टीखालचे छिद्र तुंबते. ते छिद्र आणि झाकणाचे रबर लावण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे, वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाशी झटापट करू नये. झाकण सहज निघत नसेल, तर आत दाब शिल्लक आहे.

उरलेली खिचडी किंवा भात रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय मात्र सोडावी. आपल्या दमट हवेत ती विशेष घातक. काही जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात आणि कोमट अन्नात वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्याने जाईलच असे नाही. दोन तासांच्या आत अन्न फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

खिचडीचा कंटाळा आला की पिठले. त्यात गुठळ्या होतात अशी सार्वत्रिक तक्रार आहे. कोरडे बेसन गरम पाण्यात पडले की बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच राहते. म्हणून अर्धी वाटी बेसन आधी दीड वाटी थंड पाण्यात कालवावे आणि मग कांदा-मिरचीच्या फोडणीत ओतून ढवळत राहावे. पाच मिनिटांचे काम आहे, सोबत पाव असला तरी चालतो.

आणि ज्या दिवशी गॅस पेटवण्याचीही इच्छा नसेल, त्या दिवशी पोहे आहेतच. भात भिजवून, भाजून मग चपटा केलेला असल्यामुळे पोहे मुळातच शिजलेले असतात. पातळ पोहे पाण्याने ओले करून दही, मीठ, चिरलेली मिरची घातली की जेवण तयार. याला कुणी पळवाट म्हणू नये. गोव्याच्या घरांत दिवाळीच्या सकाळी दह्यातले, दुधातले, नारळाच्या रसातले असे फोवांचे जे प्रकार मांडले जातात, त्यांतले कितीतरी असेच मुख्यतः कालवण्याचे असतात. मासे खाणाऱ्यांना किसमूर जमेल. साफ केलेली सुकी सुंगटे तव्यावर कुरकुरीत भाजून ओले खोबरे, कांदा, तिखट आणि थोडी चिंच यांत मिसळायची, एवढेच.

राहिली पेज. अर्धी वाटी उकडे तांदूळ, पाच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ आणि तोच कुकर. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून वीस मिनिटे ठेवावी. दाणा बोटाने सहज चिरडला तर झाली. नाहीतर आणखी दहा मिनिटे. पाणी जास्त झाल्यासारखे वाटले तरी घाबरू नये, पेज पातळच असते.