लस, ताप आणि उशाशी मोबाईल

मध्यरात्री तान्ह्या बाळाच्या कपाळावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने मोबाईलवर काहीतरी शोधत बसण्याची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. २०२२ सालचा जून महिना. आमचं चिखला म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं मॅंगनीजच्या खाणीचं गाव. यांची रात्रपाळी, सासूबाई लेकीकडे गेलेल्या, मोठा मुलगा झोपलेला. दीड महिन्याच्या धाकटीला सकाळी लस दिलेली. संध्याकाळपासून अंग तापलेलं, मांडीवर सुपारीएवढी गाठ आणि रडणं काही केल्या थांबेना.

मी बी.ए. झालेली बाई, अर्धवेळ का होईना शाळेत शिकवते. पण त्या रात्री मी मोबाईलमध्ये काय लिहिलं असेल? 'लस दिल्यावर बाळाला धोका'. आता तुम्हीच सांगा, धोकाच विचारला तर उत्तर दुसरं कशाचं येणार? वाण्याकडे जाऊन मिरची मागितल्यावर तो गूळ बांधून देत नाही. 'लसीनंतर ताप किती दिवस राहतो' असं विचारलं असतं तर साधं उत्तर मिळालं असतं, की पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. तो मुख्यतः डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो. डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉलचं औषध द्यावं, अंगावर पातळ कपडा ठेवावा, दूध चालू ठेवावं, गाठ चोळू नये. झटके आले, श्वास लागला, बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं किंवा मलूल पडलं, तर मात्र मोबाईल बाजूला टाकून थेट दवाखाना गाठावा.

मला मिळाला तो एक व्हिडिओ. परदेशातला कुणी गृहस्थ, वरून मराठी आवाज चढवलेला. गोवराच्या लसीने मुलं स्वमग्न होतात म्हणे! माझ्या मुलीला दिलेली लस वेगळी, हा बोलतोय वेगळ्याच लसीबद्दल, एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही. पहाटे तीन वाजता तो व्हिडिओ मी शेजारणीला पाठवून दिला. तिच्या नऊ महिन्यांच्या मुलाला त्याच महिन्यात गोवराची लस द्यायची होती. खाली लिहिलं, 'बघ गं हे.'

सकाळी ताप उतरला. पण माझ्या मनातली भीती उतरली नाही. दुसऱ्या डोसची तारीख मी दोनदा टाळली. अखेर आशाताई दारात येऊन उभी राहिली. "बाई, तुमी शिकलेल्या, पोरायले शिकवता, अन् असं करून रायल्या?" मी मुकाट्याने कार्ड काढलं. बरं का, तारीख चुकली तर पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागत नाही. जिथे राहिलं तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून चालतं. हे मला तिनेच सांगितलं. मोबाईलमध्येही ते होतं, पण मी तसं विचारलंच नव्हतं.

आपण बायका भित्र्या, अडाणी, म्हणून असं शोधतो, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. जानेवारी २०२१ आठवून पाहा. ९ तारखेच्या पहाटे आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. १६ तारखेला देशात कोरोनाची लस सुरू झाली. ३१ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने ती मुलं बरी झाली. एकाच महिन्यातल्या या बातम्या, आणि तिन्ही खऱ्या. आईच्या काळजात धस्स झालं तर तिचं काय चुकलं? मात्र यात दोष लसीचा नव्हता, हे वेगळं करून बघायला मन शांत लागतं. त्यातच त्या एप्रिलच्या अखेरीस अठरा वर्षांवरील सर्वांची नोंदणी सुरू झाली आणि लस म्हटली की आधी मोबाईल उघडायचा, ही सवय घराघरांत लागली ती लागलीच.

तशी लसीची भीती मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती आधी स्वतःलाच टोचून घेतली, तरी लोक कुजबुजत राहिलेच. फरक एवढाच, की तेव्हाची अफवा पायी यायची.

तो व्हिडिओ कुठून निघाला, हे मी नंतर सवडीने शोधलं. १९९८ साली इंग्लंडमध्ये वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून एक लेख प्रसिद्ध केला. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं नाव तिथल्या नोंदवहीतून काढून टाकलं. अनेक देशांतल्या लाखो मुलांच्या तपासणीत लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. लेख मागे गेला, पण व्हिडिओ अजून हिंडतोच आहे.

म्हणून हल्ली मी आधी तारीख बघते. मध्यंतरी नणंदबाईंचा तुमसरहून फोन आला. मुलगी बारा वर्षांची, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यावी का? पुण्याच्या सीरम संस्थेची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ च्या जानेवारीत आली, तेव्हापासून ही चौकशी वाढलीच आहे. नणंदबाईंना मात्र 'लस घेतलेल्या सात मुली दगावल्या' ही बातमी सापडली होती. तारीख पाहिली तर २०१० ची. आंध्र आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पाची ती बातमी. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हा दोष मात्र निघाला आणि तो खराच होता. हे दोन्ही मी वहिनीच्या नात्याने त्यांना सांगितलं. पुढचं त्या डॉक्टरांना विचारून ठरवतील.

आणखी एक. शोधाच्या खिडकीत दोन शब्द लिहिताच खाली आपोआप वाक्यं उमटतात ना, ती काही वैद्यांनी लिहिलेली नसतात. आपल्यासारख्याच घाबरलेल्या बायांनी आधी तेच लिहिलेलं असतं. सर्वांत वर 'प्रायोजित' असेल तर ती जाहिरात. आता तर यंत्राने जुळवलेला परिच्छेदच वर येतो. तो वाचावा, पण कुठून घेतला ते उघडून पाहावं. आणि इंग्रजीत शोधलं तर परदेशातली वेळापत्रकं येतात. आपल्याकडे सरकारी केंद्रावर गोवर-रुबेलाची लस मिळते, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. तिकडची तारीख बघून इकडे बाळाची उशीर-घाई करू नये. घरातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर सगळं मराठीत छापलेलं असतं, ते आपण डब्यात ठेवतो आणि जग धुंडाळतो!

शेजारणीचं सांगायचं राहिलं. तिने त्या व्हिडिओनंतर मुलाला गोवराची लस दिली नाही. मी माझ्या लेकीचे डोस पुढे सुरू केले, पण तिला जाऊन सांगायचं काही मला सुचलं नाही. दिवाळीनंतर ती भावाकडे भिवंडीला गेली. त्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला आणि भिवंडी-मालेगावकडे गोवराने मुलं आजारी पडत होती, काही दगावलीही. परत आल्यावर आठवड्याभरात मुलाला ताप, खोकला, डोळे लाल, मग अंगभर पुरळ. छातीत कफ भरला. आठ दिवस दवाखान्यात होता. जीवनसत्त्व अ चे डोस दिले, ऑक्सिजन लावला. मुलगा वाचला.

तो घरी आल्यावर मी वरणभाताचा डबा घेऊन गेले आणि तो व्हिडिओ खोटा होता, मी न वाचता पाठवला होता, असं तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीची नऊ महिन्याची लस कवा हाये? मलेबी आवाज द्या. याच्या राहिलेल्या लसी विचारतो."

फेब्रुवारीत आम्ही दोघी मिळून गेलो. दोघींची कार्डं माझ्या पिशवीत होती.