रोजच्या आहारातील सोया-घटक : शंका आणि वस्तुस्थिती

बिस्किटे, पाव, चॉकलेट, दुधात मिसळावयाची भुकटी, प्रथिनांची भुकटी आणि जीवनसत्त्वांच्या मऊ कॅप्सूल अशा अनेक वस्तूंच्या वेष्टनावर आज सोयाबीनपासून मिळविलेल्या एखाद्या घटकाचा उल्लेख आढळतो. ज्या घरात सोयाबीन कधीच शिजत नाही, त्या घरातही ते या मार्गाने पोहोचते. साहजिकच त्याविषयी अनेक शंका घेतल्या जातात. त्यांपैकी काही साधार आहेत, तर काही निराधार. हा भेद न केल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. साधार शंकेकडे दुर्लक्ष झाले तर एखाद्या बालकाच्या जिवावर बेतू शकते. निराधार भीती बळावली तर गरिबाच्या ताटातील एक स्वस्त व सकस प्रथिन नाहीसे होते. महाराष्ट्र हे देशातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्यांपैकी एक असल्यामुळे या प्रश्नाची नीट माहिती असणे येथे विशेष अगत्याचे आहे.

एका दाण्याचे अनेक घटक

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. कारखान्यात दाण्याचे पातळ पापुद्रे करून हेक्झेन या द्रावकाच्या साहाय्याने तेल काढले जाते व नंतर उष्णता देऊन द्रावक वेगळा केला जातो. कच्च्या तेलात पाणी मिसळले असता त्यातील चिकट भाग निराळा होतो. तो वाळविला म्हणजे लेसिथिन तयार होते. तेल आणि पाणी यांना एकजीव ठेवण्याचा गुण त्यात असल्याने ते पायसीकारक म्हणून वापरले जाते. वेष्टनावर त्याची नोंद ‘आय.एन.एस. ३२२’ या क्रमांकाने असते. चॉकलेटमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आतच असते.

तेल काढल्यावर उरलेल्या भागापासून सोया पीठ, सोयाबीनच्या वड्या आणि ९० टक्के वा अधिक प्रथिन असलेली शुद्ध भुकटी तयार होते. प्रथिनांचे विघटन करून सार व मसाल्यांसाठी स्वादवर्धक पदार्थही करतात. तेल शुद्ध करताना मिळणाऱ्या उपपदार्थातून ई जीवनसत्त्व काढले जाते. म्हणजेच ‘सोया’ या एका शब्दाखाली गुणधर्मांनी भिन्न असे अनेक पदार्थ येतात आणि त्यांचे परिणामही भिन्न असतात.

आय.एन.एस. ३२२ हा क्रमांक केवळ सोयाचा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. सूर्यफुलापासूनही लेसिथिन मिळते. मुळात हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात अंड्याच्या पिवळ्या बलकातून वेगळा करण्यात आला आणि बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याला लेसिथिन हे नाव पडले.

खरी सावधगिरी कोणाला?

सोयाबीनची ॲलर्जी ही सर्वांत साधार अशी शंका होय. ही ॲलर्जी त्यातील प्रथिनांमुळे उद्भवते. अंगावर गांध्या उठणे, ओठ व जीभ सुजणे, उलट्या होणे आणि क्वचित श्वास कोंडणे ही तिची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला सोया पीठ, वड्या व प्रथिनांची भुकटी वर्ज्य होत. लेसिथिनमध्ये प्रथिनांचा केवळ अल्पांश राहतो व पुष्कळ रुग्णांना ते सोसते. तथापि सर्वांनाच सोसेल असे नाही. पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ नसतेच. म्हणून युरोपीय संघाने अशा तेलाला ॲलर्जीविषयक सूचनेतून सूट दिली आहे. कोणता पदार्थ चालेल व कोणता नाही, हे प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

दुसरी शंका गलग्रंथीविषयी, म्हणजे थायरॉइडविषयी आहे. १९५० व १९६० च्या दशकांत केवळ सोया पिठाच्या आहारावर वाढविलेल्या काही अर्भकांना गलगंड झाल्याचे आढळले होते. त्या आहारात आयोडीनचा अभाव होता. पुढे आयोडीन मिसळण्यात येऊ लागल्यावर हा दोष दूर झाला. निरोगी व पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या व्यक्तीला सोयापासून अशी बाधा होत असल्याचा पुरावा नाही. मात्र थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत सोया प्रथिनामुळे औषधाचे शोषण कमी होऊ शकते. गोळी आणि असा आहार यांत किती अंतर ठेवावे, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तिसरी शंका संप्रेरकांची. सोयामधील आयसोफ्लेवोन ही द्रव्ये स्त्रीसंप्रेरकाशी काहीसे साधर्म्य राखतात, परंतु त्यांचा प्रभाव फार क्षीण असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉनवर त्यांचा परिणाम आढळला नाही. लेसिथिनमध्ये तर ही द्रव्ये नगण्य असतात. याउलट, आयसोफ्लेवोन एकवटून केलेल्या गोळ्या व कॅप्सूल हा निराळा प्रकार आहे. अन्नातून मिळणाऱ्या प्रमाणावरून त्यांच्या सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या स्त्रियांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

लेसिथिनचे २०१७ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुनर्मूल्यांकन केले. त्याच्या दैनंदिन सेवनाला संख्यात्मक मर्यादा घालण्याची आवश्यकता नाही, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. त्याचबरोबर लेसिथिनमधील प्रथिनांचा अवशेष शक्य तितका कमी असावा, असेही सुचविण्यात आले.

जनुकीय बदलाचा प्रश्न

भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी पिकवितो ते सोयाबीन या प्रकारात मोडत नाही. मात्र अशा सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीस २००७ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये पशुखाद्यासाठी अशा पेंडीच्या मर्यादित आयातीस अनुमती देण्यात आली. म्हणून देशी पीक आणि आयात माल यांची गल्लत करणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे ठरेल.

वेष्टन वाचण्याची सवय

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील २०२० च्या विनियमांनुसार ॲलर्जी उत्पन्न करू शकणाऱ्या ज्या पदार्थांची सूचना वेष्टनावर स्वतंत्रपणे देणे आवश्यक आहे, त्यांत दूध, अंडी, मासे, भुईमूग इत्यादींबरोबर सोयाबीनचाही समावेश आहे. केवळ क्रमांकावरून पदार्थाचे मूळ कळत नाही. म्हणून घटकांच्या यादीखालील ही सूचना अवश्य वाचावी. सुट्या मिठाईला व बेकरीच्या मालाला असे वेष्टन नसते. तेथे विक्रेत्याला विचारणे हाच मार्ग उरतो.

शाळा व अंगणवाड्यांना या बाबतीत बरेच काही करता येईल. प्रवेशाच्या वेळी बालकाला कोणत्या अन्नाची ॲलर्जी आहे, याची पालकांकडून नोंद घ्यावी आणि ती स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत पोहोचवावी. विज्ञानाच्या तासाला रिकामी वेष्टने आणून त्यांवरील घटक वाचण्याचा पाठ घेता येईल. ग्रामसभेत व महिला बचत गटांच्या बैठकीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने निष्प्रभ होतात. त्यामुळे दाणे उकळून वाळविल्याशिवाय अथवा नीट भाजल्याशिवाय ते गव्हात दळू नयेत. तयार बिस्किटातील चिमूटभर लेसिथिनची चिंता करीत असताना घरच्या पिठातील हा दोष मात्र नजरेआड होतो.

डाळी महाग होतात तेव्हा सोयाबीन हा अनेक कुटुंबांचा आधार असतो. सर्वसाधारण निरोगी माणसाने नीट शिजविलेल्या सोयाबीनचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्यांना खरोखरीच जपावे लागते, त्यांच्या बाबतीत मात्र अणुमात्र हयगय होता कामा नये. हा विवेक गावोगावी रुजविण्याचे कार्य शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याइतके परिणामकारकपणे दुसरे कोणी क्वचितच करू शकेल.