कुठल्या तारखेपासून, कोणाकडे?

खारघरमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि हिशेबाच्या वह्यांबरोबर गटाराची झाकणंही माझ्या गळ्यात पडली. गेटसमोरचं झाकण फुटलं तेव्हा एका कार्यालयात सांगितलं, "ते आता आमच्याकडे नाही." दुसऱ्या कार्यालयात, "अजून आमच्याकडे आलेलं नाही." दोघंही बहुधा खरंच बोलत होते. झाकण मात्र फुटकंच.

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 ला अस्तित्वात आली. 1852 सालची जुनी नगरपालिका आणि 29 महसुली गावं एकत्र झाली. खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, वसाहती त्यातच आल्या. पण अधिसूचना निघाली म्हणून रस्ते, उद्यानं, दिवाबत्ती, कचरा एका रात्रीत हस्तांतरित होत नाही. ते काम टप्प्याटप्प्यानं चालतं. मधल्या काळात सिडकोचं सेवाशुल्क सुरू होतं आणि पुढे महापालिकेचा मालमत्ता करही आला, तोही 2016 पासूनचा. 'दुहेरी कर' हा शब्द तेव्हा लिफ्टमध्येसुद्धा कानावर पडायचा. मोर्चे निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं. पैशांचा राग होताच, पण थकबाकीसकट एकदम हातात पडलेल्या बिलाचा राग त्याहून मोठा होता, असं मला वाटतं.

हे लोकांना आधी सांगायला हवं होतं, आणि कायदाही तेच म्हणतो. माहिती अधिकार म्हटलं की आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आठवतो. 2005 च्या त्या कायद्याचं कलम 4 मात्र अर्जाची वाटच बघत नाही. लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, बाधितांना कारणं सांगा, असं ते कार्यालयांनाच बजावतं. हस्तांतराच्या वेळी यासाठी एक पानी तक्ता पुरे: सेवा कोणती, आज कोणाकडे, कुठल्या तारखेपासून कोणाकडे, पैसे कोणाला भरायचे, तक्रार कुठल्या अभियंत्याकडे. तारीख ठरली नसेल तर 'ठरलेली नाही' असं लिहावं. तेवढ्यानंही निम्मे हेलपाटे वाचतात. असा तक्ता वॉर्ड ऑफिसच्या दारावर आणि प्रत्येक सोसायटीच्या फलकावर हवा. वेबसाइटच्या पोटात दडवलेली पीडीएफ आमच्या ज्येष्ठांच्या काय कामाची?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. नवी मुंबई महापालिका 1992 ला सुरू झाली तेव्हा शिळफाट्याकडची 14 गावं तिच्यात होती. 2007 मध्ये ती वगळली. 2024 मध्ये पुन्हा घ्यायचं ठरलं, त्यावरही राजकारण तापलं. तिथल्या माणसानं घरपट्टी आणि पाण्यासाठी कुठल्या दारात उभं राहायचं, हे राजपत्रातल्या भाषेतून त्याला कसं कळणार?

महापालिकेची हद्द बदलण्याआधी सरकार प्रारूप अधिसूचना काढून हरकती-सूचना मागवतं. मुदत थोडीच असते. तुमच्या भागाचं नाव तिथे दिसलं, तर सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी विचारा: कुठली सेवा, कुठल्या तारखेपासून, कोणाकडे? आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.