लोहितांग ज्वर : ताप उतरला तरी औषध सुरू ठेवा

लंडनच्या लिनियन सोसायटीत १ जुलै १८५८ रोजी चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे लेख वाचून दाखविण्यात आले आणि नैसर्गिक निवडीचा सिद्धांत प्रथमच विद्वानांच्या सभेपुढे आला. मात्र स्वतः डार्विन त्या सभेस उपस्थित नव्हते. त्यांचा दीड वर्षाचा धाकटा मुलगा तीनच दिवसांपूर्वी, २८ जूनला, दगावला होता. त्याच्या मृत्यूचे कारण होते 'स्कार्लेट फीवर', म्हणजेच लोहितांग ज्वर. एकोणिसाव्या शतकातील युरोपात या आजाराने असंख्य घरांतील पाळणे रिकामे केले. एवढा मोठा शास्त्रज्ञ पिता असूनही त्या बाळासाठी काही करू शकला नाही, कारण त्या काळी या आजारावर औषधच नव्हते.

आज औषध आहे आणि ते साधे व स्वस्त आहे. फक्त ते ठरलेली मुदत संपेपर्यंत घ्यावे लागते. गोवर, कांजिण्या, गालगुंड ही नावे आपल्या घरोघरी परिचित आहेत. त्या मानाने लोहितांग ज्वर हे नाव अनोळखी वाटते. म्हणूनच या आजाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

आजाराचे मूळ घशात

अंगावर पुरळ दिसत असले, तरी हा मुळात त्वचेचा विकार नव्हे. 'अ' गटातील स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे घशाला संसर्ग होतो. या जिवाणूंच्या काही प्रकारांतून एक विष निर्माण होते. ते रक्तावाटे शरीरभर पसरले की त्वचा लाल होते आणि त्यावर बारीक पुरळ उठते. आजाराचे हे कारण १९२० च्या दशकात अमेरिकेतील जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर दांपत्याने सिद्ध केले.

हा आजार मुख्यतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांमध्ये आढळतो. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून उडणारे तुषार, उष्टे पेले व चमचे यांतून तो पसरतो. शाळेचे वर्ग, पाळणाघरे आणि दाटीवाटीची घरे या ठिकाणी त्याला आयते रान मिळते. संसर्ग झाल्यापासून साधारणतः २ ते ५ दिवसांत लक्षणे दिसू लागतात.

ओळखावा कसा?

प्रारंभी अचानक ताप भरतो, घसा दुखतो, गिळताना त्रास होतो. डोकेदुखी, पोटदुखी किंवा उलट्याही होऊ शकतात. एक-दोन दिवसांत मान व छातीवर पुरळ उठून ते अंगभर पसरते. काख, कोपर आणि जांघेतील वळ्यांमध्ये लाली अधिक गडद दिसते. गाल लाल होतात, पण ओठांभोवतीची त्वचा फिकट राहते. जिभेवर आधी पांढरा थर येतो आणि तो निघून गेल्यावर ती स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार दिसू लागते. आठवड्याभरात पुरळ मावळते व त्यानंतर बोटांच्या टोकांची त्वचा सोलवटते.

सावळ्या त्वचेवर ही लाली सहजी नजरेस येत नाही, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. अशा वेळी मुलाच्या छातीवरून व पोटावरून हात फिरवून पाहावा. त्वचा सुताराच्या पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागत असेल, तर ती खूण डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाहून अधिक विश्वासार्ह ठरते.

ताप आणि पुरळ ही जोडी गोवरातही असते. मात्र गोवरात खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे ही लक्षणे ठळक असतात. अंतिम निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. त्यासाठी घशातील स्राव तपासण्याची सोय आहे. प्रत्येक घसादुखीला प्रतिजैविक लागत नाही. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. म्हणून उरलेल्या जुन्या गोळ्या परस्पर देणे टाळावे.

उपचाराची मुदत

पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन ही या आजारावरील मुख्य औषधे होत. तोंडाने घ्यावयाचे औषध सामान्यतः १० दिवस दिले जाते. पेनिसिलीनची अॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे ते पर्यायी औषध देऊ शकतात. दोन-तीन दिवसांतच ताप उतरतो, मूल जेवू-खेळू लागते आणि बाटली कपाटात जाते. चूक नेमकी येथेच होते. बँकेच्या ग्राहकाला 'मुदत' या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको.

औषध अर्धवट सोडल्यास घशातील जिवाणूंचा पूर्ण नाश होत नाही. त्यांच्याविरुद्ध लढण्यासाठी शरीराने उभारलेली प्रतिकारयंत्रणा काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. घसादुखीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी उद्भवणारा हा विकार म्हणजे संधिज्वर. सांधेदुखी कालांतराने ओसरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र कायमची राहू शकते. पुढे तरुणपणी जिना चढताना दम लागू लागतो आणि काहींना झडपेच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. ज्यांना एकदा संधिज्वर झाला, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. संधिज्वरामुळे जडणाऱ्या हृदयविकाराचे जगातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशांत भारताची गणना होते. हा धोका पुरळ न उठलेल्या, केवळ स्ट्रेप्टोकोकसजन्य घसादुखीतही असतो.

दिलासा असा, की घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू केल्यास संधिज्वर बहुतांशी टाळता येतो. म्हणजे एक-दोन दिवस उशीर झाला तरी हताश होण्याचे कारण नाही. याखेरीज क्वचित मूत्रपिंडालाही सूज येते. आजारानंतर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे.

घरी घ्यावयाची काळजी

या आजारावर लस उपलब्ध नाही. म्हणून औषध सुरू झाल्यावर किमान २४ तास आणि ताप पूर्ण उतरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. त्याचा पेला, ताट, रुमाल व टॉवेल वेगळा ठेवावा. साबणाने हात धुण्याची सवय साऱ्या घराने पाळावी. घरातील अन्य कोणाचा घसा दुखू लागल्यास त्याचीही तपासणी करावी. मुलाला मऊ व कोमट अन्न आणि भरपूर पाणी द्यावे. तापासाठी मुलांना अॅस्पिरिन देऊ नये. श्वास घेण्यास त्रास होत असेल, पाणीही गिळता येत नसेल किंवा मूल सुस्तावले असेल, तर त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

हा आजार केवळ इतिहासजमा झालेला नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून त्याचे रुग्ण पुन्हा वाढलेले आढळले आणि २०२२ च्या हिवाळ्यात तेथे मोठी साथ आली. तरीही आजचा पालक दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पित्याइतका असहाय नाही. त्याच्या हाती औषधाची बाटली आहे. ती दहाव्या दिवसापर्यंत कपाटात जाऊ न देणे, एवढेच त्याने करावयाचे आहे.