दूध सोसत नाही, साखर वाढते; मग खावे काय?

काही दिवसांपूर्वी पारनेर तालुक्यातील एक साठीचे शेतकरी माझ्याकडे आले. मधुमेह जुना. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी भाकरी एकदम सोडली आणि दोन्ही वेळा पेलाभर दूध धरले. गोळ्या मात्र पूर्वीच्याच. पोटात गुडगुड व जुलाब सुरू झाले आणि एका दुपारी दरदरून घाम येऊन ते शेतातच बसले. "डॉक्टर, घरी चार गाई, अन् मला दूधच पचंना. आता खायचं काय?" हा त्यांचा प्रश्न अनेकांचा आहे.

दुधात लॅक्टोज ही शर्करा असते, पेलाभर (२०० मि.लि.) दुधात सुमारे १० ग्रॅम. ती पचविणारे विकर लहान आतड्यात असते व वयानुसार अनेकांत कमी होते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात. मग गॅस धरतो, जुलाब होतात. मात्र मेटफॉर्मिनच्या गोळीनेही असाच त्रास होऊ शकतो. तेव्हा दोष दुधाचा की गोळीचा, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लॅक्टोजमुक्त दुधात तीच शर्करा फोडलेली असते. त्याने पोट शांत राहील. पण रक्तातील साखरेचा हिशेब साध्या दुधासारखाच धरावा. दही, ताक थोड्या प्रमाणात बहुतेकांना सोसते.

आता भाकरीविषयी. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे "भाकरी कितीही चालते" हा समज चुकीचा. ताटात भाकरी एक, तीही लहान. सोबत मटकी किंवा हुलग्याची उसळ, मेथी-शेपूची भाजी, काकडी, थोडी शेंगदाण्याची चटणी, चालत असल्यास अंडे. दूध बंद झाल्यावर कॅल्शियमसाठी तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी घ्यावी. अकोले भागातील नाचणीही उत्तम; पण ती ज्वारीच्या भाकरीऐवजी, तिच्याशिवाय जादा नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळी-उसळींचे प्रमाण विचारून ठरवावे.

सर्वांत महत्त्वाचे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भाकरी कमी केली, तर औषधाची मात्राही बदलावी लागते. नाहीतर साखर धोकादायकरीत्या उतरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर भाकरी-भात एकदम तोडल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. घाम, थरथर, घाबरेपणा जाणवल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी. दूध किंवा पेढा नको, त्यांचा परिणाम सावकाश होतो. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच साखर घ्यावी व दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

आमच्या शेतकरीबुवांची गोळी कमी केली, दुपारची एक भाकरी परत दिली. आता ते गाईंचे दूध डेअरीला घालतात, स्वतः वाटीभर ताक घेतात आणि खिशात साखरेची पुडी ठेवतात.